निम्म्याची हमी

मी हेलसिंकीला निघाले त्या सकाळी आई डिंगोऱ्याच्या घरात नव्हती. शेजारच्या सुमनकाकूंच्या रानात कांद्याची लागण होती आणि आईची सावड होती. आज हिनं तिच्या वाफ्यात राबायचं, उद्या तिनं हिच्या. बांधाशी गाडी थांबवली, तर चिखलाचे हात तसेच धरून म्हणाली, "सावड मोडता येत नाय, बाई. जा नीट." मला भयंकर राग आला. नारायणगाव मागे पडेपर्यंत रडत होते.

आणि गंमत बघा, माझं इथलं काम जोड्या लावण्याचंच आहे. नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरांना सगळं नेटवर्क दिसत नाही. प्रत्येकानं फक्त शेजाऱ्यांना विचारून जोडीदार धरायचा. अशानं सगळ्यात जास्त जोड्या लागतीलच असं नाही, पण शक्य असतात त्याच्या निम्म्या तरी लागतात, एवढी हमी देता येते. निम्म्यावर माझं समाधान कधी झालंच नाही.

या दिवाळीत घरी गेले आणि शहाणपणा केला. आमच्या रस्त्याला ओळीनं चार घरं. मधल्या दोघी, आई आणि काकू, एकमेकींच्या सावडीला. आईच्या कडेला गंगूबाई आणि काकूंच्या कडेला नवी सून रेश्मा, दोघी एकट्या. दोन जोड्या लागू शकतात तिथं एकच. मी आईला गंगूबाईंशी जोडलं, काकूंना रेश्माशी. शिकलेल्या पोरीचं म्हणणं कोण मोडणार? सगळ्या हो म्हणाल्या. मी खुशीत परतले.

मग लागण सुरू झाली आणि आई दोन दिवस तापानं घरात पडून राहिली, कुणाला पत्ता नाही. काकूंना वाटलं, ती गंगूबाईंच्या रानात असेल. गंगूबाई तर लेकीकडे कळंबला गेलेल्या. मला आठवड्यानं कळलं. आईवर फोनवरच ओरडले, "काकूंबरोबरच जा परत!"

"आता शब्द दिलाय. सावड मोडता येत नाय." मग म्हणाली, "समद्यांच्या जोड्या लावल्यास. तू गं कुणाच्या सावडीला?"

त्या जोड्यांत मी स्वतःला कुठं घातलंच नव्हतं. इथं समोरच्या दारावरचं आडनावही मला अजून धड वाचता येत नाही. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

तिकीट काढलंय. गंगूबाईंकडची आईची पाळी मी करणार, म्हणजे ती काकूंच्या वाफ्यात जायला मोकळी. लागण अजून महिनाभर चालेल, रजा पंधरा दिवसांची. घर माझ्या वाट्याला आता एवढंच येतं. उरलेल्या निम्म्यात आईच्या दाराशी रोज कुणीतरी डोकावायला हवं. काकू, तेवढं तुम्हीच बघा.