कादंबरीच्या आंघोळीचा अजेंडा

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मराठी घरी बाळ आलं की पहिला फोन आमच्या हिला येतो. चंद्रप्रभा सरकारी नोकरीतून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाली, पण लोक तिला ओळखतात ते बाळांना न्हाऊ घालणारी काकू म्हणून. पाटावर बसून पाय लांब करायचे, त्यावर बाळ घ्यायचं, तेल, डाळीचं पीठ, ऊन पाणी, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. उताणं बाळ टकामका तिच्याकडे बघत ऐकत राहतं. दुसरा इलाज नसतो. चाळीस वर्षं मीही तेच करतोय.

गेल्या हिवाळ्यात सुखदाच्या लेकीसाठी, कादंबरीसाठी, ती तीन महिने रोज गेली. सुखदा मूळची पुण्याची, नोकरी गुरुग्रामला आयटीत. बाळाला पाजायची, मोबाईलमध्ये वेळ नोंदवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. बाकी वेळ बाळ सासूबाईंकडे, साधनाताईंकडे. "किती शांत सून!" असं कौतुक चाललेलं. आमची हीसुद्धा म्हणायची, "तू पड गं, आराम कर."

एके सकाळी सुखदा न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. हिच्या पायांवर कादंबरी छान हुंकार देत होती.

"काकू, ती तुमच्याशीच बोलते. मी घेतलं की तोंड फिरवते. मी नसले तरी तिचं बिलकुल अडणार नाही."

"म्हणून तर रविवारी बाळाला पुण्याला माझ्या घरी नेतेय," साधनाताई बाहेरून म्हणाल्या. "वरचं दूध देईन. तू दोन महिने निवांत झोप."

हिने बाळाला पुसलं, दुपट्यात गुंडाळलं आणि बाहेर येऊन ठणकावलं, "बाळ कुठेही जाणार नाही. सुखदा दमलेली नाही, आजारी आहे. तिला आजच डॉक्टरांना दाखवायचं."

"अहो, बाळंतपणात थोडं रडू येतंच."

"मला सहा महिने येत होतं, आमचा साकेत झाला तेव्हा. सगळे नखरे म्हणाले."

म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्याची लाज मला आजही वाटते.

सुखदाच्या नवऱ्याने, प्रसन्नने, त्याच दुपारी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. औषधं सुरू झाली, पुण्याचं तिकीट रद्द झालं. घरी येऊन ही स्वतःवरच चिडली. "पड पड म्हणत तिचं बाळ मीच लांब नेलं हो!"

दुसऱ्या दिवसापासून पाटावर सुखदा बसली आणि ही तांब्या घेऊन शेजारी. कादंबरीने आकांत मांडला. हिचे हात शिवशिवत होते, पण बाळ उचललं नाही.

"बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

"ऑफिसात काय बोलतेस?"

सुखदा कोरड्या आवाजात म्हणाली, "गुड मॉर्निंग. आजचा अजेंडा. आधी हात, मग पाय."

मग रोज तोच अजेंडा. औषधाने आपला वेळ घेतला. काही दिवस मायलेकी दोघीही रडायच्या आणि ही मुकाट्याने पाणी ओतायची. पाचव्या आठवड्यात अजेंडा कानांपर्यंत आला असताना कादंबरी आईच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "अंऽ."

सुखदाचा हात थांबला. "हो, बोला मॅडम. काही मुद्दा आहे?"

"अंऽऽ."

सुखदा खळखळून हसली.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. "काकू, उद्यापासून नका येऊ. आमची दोघींची मीटिंग असते."

निवृत्तीचा हार गळ्यात पडला तेव्हा हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र फोन ठेवून ही हसता हसता रडायला लागली. या वेळी मी जवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "काय झालं गं?"