तिसऱ्या भागाचं गाऱ्हाणं

एका पुस्तकावर मी एकदा गाऱ्हाणं घातलं. वाचनालयातल्या पुस्तकावर, खऱ्या नारळासकट. तेव्हा मी पन्नाशीची होते. म्हणजे अक्कल येण्याचं वय उलटून गेलेलं, आणि ती गेली अशी सबब सांगण्याचं वय अजून यायचं होतं. आता माझी नात मोबाईलवर पुस्तकांना तारे देते. नावडतं पुस्तक असलं की एकच तारा. मी तिला म्हणते, बाय, तारेच दे, त्यापुढे जाऊ नको. त्यापुढे काय असतं, असं ती विचारते. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

माझे बाबा गावकर. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. एकाने देवापुढे नारळ ठेवून मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्यामागे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, अशी ती रीत. मागचं ‘व्हय’ नसेल तर मागणं पोचत नाही, असं बाबा सांगायचे. ऐकून ऐकून मला ते अक्षरन् अक्षर पाठ. बायकांनी ते घालायचं नसतं, म्हणून मी चुलीपुढे घालायचे. करपलेल्या भाकरीवर, न शिजणाऱ्या कुळथावर, एकदा तर सासूवर. मी नकला झकास करते अशी गावात ख्याती होती, आणि ती मी दागिन्यासारखी मिरवायचे.

आमचं वाचनालय तारकर्लीच्या वाटेवर. एक खोली, चार कपाटं, एक पंखा. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही सातजण तिथे जमायचो आणि वाचलेल्या पुस्तकावर मतं द्यायचो. पाच बायका, दोन पुरुष. पुरुषांपैकी एक शिंपी, दुसरे निवृत्त पोस्टमन. बायकांत ग्रंथपाल, एक निवृत्त नर्स, शेजारच्या दोघी जावा, आणि मी.

त्याआधीची काही वर्षं आम्ही एका विनोदी कादंबरीच्या प्रेमात होतो. लिहिणारे गृहस्थ आपल्याच तालुक्यातले, तोंडवलीचे, शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. गोष्ट अशी, की एक माणूस परसात होडी बांधतो, आणि बांधून झाल्यावर कळतं की ती बाहेर काढायला वाटच नाही. एका बाजूला विहीर, दुसरीकडे भावाची भिंत, तिसरीकडे फणस. अख्खा गाव येऊन सल्ले देतो आणि त्याची बायको पानापानावर सगळ्यांचा उद्धार करते. वाचनालयाची ती एकच प्रत हातोहात फिरून खिळखिळी झाली होती. नर्सबाईंची कवळी हसताना पेजेत पडली होती, आणि हे त्या अभिमानाने सांगायच्या.

मग पहिल्यानंतर पाच वर्षांनी दुसरा भाग आला. आम्ही क्रम लावून वाचला. वाचून झालेला माणूस दुसऱ्याला भेटला की पुस्तकाचं नाव न काढता पावसापाण्याचं बोलायचा.

त्या रविवारी सगळे जमलो. वीज गेलेली. पंखा थांबलेला, आणि बाहेर माडाचं एक झावळंसुद्धा हलत नव्हतं. ग्रंथपालबाईंना द्यायला मी घरचा नारळ आणला होता, तो टेबलावर त्या दुसऱ्या भागाशेजारीच होता. पुढचं सगळं त्या नारळामुळे झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. माझ्या जिभेचं नाव घेणं मला जड जायचं.

नर्सबाई म्हणाल्या, “पहिल्या भागाक कवळी पडली. ह्या भागाक जांभये इले.”

थोरली जाऊ म्हणाली, “होडी एकदाची बाहेर काढल्यान. मगे दोनशे पाना ती खाडयेत नुसती तरंगता. आम्ही काय काठावर बसान बघूचा?”

“तेच तेच विनोद,” पोस्टमन म्हणाले. “पत्तो बदलून परत इलेल्या पत्रासारखे.”

शिंपी कोपऱ्यात बसला होता. त्याला विचारलं तेव्हा तो जरा घुटमळला. “माका एक गजाल समाजली नाय,” तो म्हणाला. “पयल्या भागात होडीवाल्याची बायल पानापानार आसा. ह्या भागात ती नायच. मेली म्हणान लिवलेला नाय, म्हायेराक गेली म्हणान पण नाय. जेवणाच्या येळेक तिचा ताट तेवडा मांडतत.”

मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं, आणि ते ताट मला दिसलं नव्हतं. तिथे थांबायला हवं होतं. पण शांतता पसरली की ती मोडायचं काम आपलंच, असा माझा तेव्हा समज होता. मी उठले, पुस्तकावर नारळ ठेवला, पदर कमरेला खोचला आणि बाबांचा आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा शिवेच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे हसत म्हणाले.

“आज ह्या सात लेकरांनी तुज्यापुढे नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे.”

“व्हय म्हाराजा.”

“ज्या हातान ह्यो दुसरो भाग लिवलो, तो हात आता थंयच थांबव. तिसरो भाग कोणाच्या कपाळाक आणू नको रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

या शेवटच्या वेळी कोणी हसलं नाही, कारण सहाजणांच्या जागी सातजण बोलले होते. सातवा आवाज पुरुषाचा, म्हातारा, घोगरा. बाकीच्यांच्या किंचित मागे राहिलेला, थकलेला माणूस म्हणतो तसा. शिंपी पोस्टमनकडे बघत होता आणि पोस्टमन शिंप्याकडे. थोरली जाऊ उठून खिडकीशी गेली. बाहेर रस्ता रिकामा होता, उन्हात पांढरा पडलेला. धाकटीने कपाटांमागे पाहिलं.

“कोण होतो गो?” ग्रंथपालबाईंनी हळूच विचारलं.

“मीच. दोन आवाज काढलंय,” मी म्हणाले. नकलाकाराची अब्रू. त्यांनी विश्वास ठेवल्यासारखं केलं आणि चहा न घेताच सगळे उठले. नारळ कोणी फोडेना, कोणी घरी नेईना. तो टेबलावरच राहिला.

पंधरा दिवसांनी पोस्टमन बातमी घेऊन आले. तोंडवलीच्या गुरुजींचा उजवा हात राहिला होता. दुखत नाही, सुजलेला नाही, फक्त पेन धरत नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेऊन तपासलं, तर हाड, शीर सगळं जागच्या जागी. तिसरा भाग अर्धा लिहून पडला होता म्हणे.

“कधीपासून?” मी विचारलं.

पोस्टमननी माझ्याकडे न बघता सांगितलं, “त्याच आयतवारापासून.”

त्यानंतर घरात माझं बोलणं कमी झालं, तेव्हा सून मला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती. भाकरी थापताना मी माझा उजवा हात उलटसुलट करून बघायचे. रस्त्यात कोणी सहज “व्हय” म्हटलं तरी मान वळायची. मी एका माणसाचा हात काढून घेतला होता, तोही चहाच्या वेळेपर्यंत चार माणसांनी हसावं म्हणून. बाबा असते तर त्यांनी एकच गोष्ट सांगितली असती. घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायचं तर ते ज्याच्यावर घातलं त्याच्या दारात जाऊन घ्यावं लागतं, तोच नारळ घेऊन.

वाचनालयातून नारळ उचलला, मालवणला बस बदलली आणि तोंडवलीला उतरले तेव्हा बारा वाजत आले होते. या वेळी परक्या वाटेने फिरू नये, असं मी आयुष्यभर पोराबाळांना सांगत आले होते. सुरूच्या बनातून वारा येत होता, पण पाय ठेवावा तिथली वाळू अगदी मुकी. गुरुजींचं घर विचारलं तर एका बाईने हात केला आणि म्हणाली, “एकटेच आसत. बायको जावन चार वर्सा झाली.”

चार वर्षं. पहिला भाग आला त्याच्या पुढच्या वर्षी. मी तिथेच उभी राहून हिशेब केला आणि मला शिंप्याचं ते ताट आठवलं.

अंगण सारवलेलं, तुळशीपुढे दिवा विझलेला. पडवीच्या कठड्यावर धुतलेली दोन ताटं उपडी घातली होती. मी हाक मारायच्या आधीच आतून आवाज आला, “कोण गो ता?”

म्हातारा, घोगरा, किंचित मागे राहिलेला. हाच तो आवाज.

गुरुजी बाहेर आले. उंच, वाळलेले. पडवीत बसून उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, कोणाचं तरी झोपलेलं मूल ठेवावं तसा. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. कवळी, जांभया, शिंपी, नारळ, सातवा आवाज. आमच्या खिडकीखाली तुम्हीच उभे होतात का, एवढं मात्र विचारायचा धीर झाला नाही. त्यांनी मला ते गाऱ्हाणं पुन्हा म्हणायला लावलं. मी कुजबुजत म्हटलं, तर म्हणाले, तेव्हा म्हटलं होतंस तसं म्हण. मी तसं म्हटलं. मागून कोणी ‘व्हय’ म्हटलं नाही.

“किती वाजले होते?” त्यांनी शाळेत विचारावं तसं विचारलं.

“साडेतीन झाले असतील.”

त्यांनी तुळशीकडे नजर टाकली. मी नारळ पुढे केला आणि गाऱ्हाणं मागे घेण्यासाठी तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी चांगला हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले:

“बाय, तो नारळ परत घेवन जा. ती गेल्यापासून माका हसूक येणा नाय, आणि लोकांका हसवूचा लिवतंय ता खोटा. म्हणान त्याच आयतवारी, त्याच येळेक, मी हयसर तुळशीकडे ताच गाऱ्हाणा घालत होतंय, माज्याच हातार. पाठी कोण नाय, म्हणान ‘व्हय म्हाराजा’ पण मीच म्हटलंय. पण माज्यावांगडा आणखी सहाजणांनी म्हटल्यानी. ती माणसा तुजी काय गो?”