अळणी बिस्किटं

दिवाळी तोंडावर आली की आमच्या हुडकेश्वरच्या भट्टीवर बायकांची रांग लागते. घरचं पीठ, घरचं तूप, घरची साखर घेऊन जायचं. भट्टीवाला आपल्यासमोर मळतो, साच्यानं कापतो, ट्रेवर मांडून आत ढकलतो. आपण बाकावर बसून आपल्या ट्रेवर डोळा ठेवायचा, कारण जरा नजर हलली की आपली साजूक तुपातली नानकटाई दुसरीच्या डब्यात आणि तिची डालड्यातली आपल्या. त्या दिवाळीला मीही रांगेत होते. माझ्या डब्यात मात्र ना तूप होतं, ना साखर. ज्वारीचं आणि गव्हाचं जाडसर पीठ, उकडून कुस्करलेलं कोहळं आणि भाजून कुटलेला जवस, एवढंच कालवून नेलं होतं. पुण्याकडचे लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात ते आमचं कोहळं. भट्टीवाल्यानं झाकण काढलं आणि गोळ्याकडे पाहत राहिला.

"काकू, साखर घरीच विसरल्या काय?"

"विसरले नाही. घालायचीच नाही."

"अन् मीठ?"

"ते बी नाही."

"मंग याले बिस्किट काहून म्हणता?"

माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईला माझी दया आली. "शुगर असंल घरी कोनाले," ती म्हणाली. मी म्हटलं, "घरात एक म्हातारा आहे. दात नाहीत. काही खाऊन नाही राहिला." तिनं च्च च्च केलं आणि विचारलं, "सासरे काय?" मी म्हटलं, "तसंच समजा." कुत्र्यासाठी आहे असं सांगितलं असतं तर दिवाळीच्या रांगेत मला कुणी उभं राहू दिलं नसतं. म्हणून तर पिठात कलेजी घालायची फार इच्छा असूनही घातली नव्हती. फराळाच्या ट्रेशेजारी कलेजी शिजली असती तर त्या बायकांनी मलाच भट्टीत घातलं असतं.

तो म्हातारा आमच्या घरी आला तेव्हा तळहातावर मावत होता. आमचे हे कोराडीला वीजनिर्मितीत नोकरीला होते, तिथल्याच क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. कोळशाच्या ट्रकखाली येता येता वाचलेलं पिल्लू यांनी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. मी म्हटलं, या घरात एक तर ते राहील, नाहीतर मी. दोघंही राहिलो. आठवडाभरात त्यानं माझी चप्पल, मुलीचं दप्तर आणि एका सोफ्याचा कोपरा खाल्ला. वर ताटात तोंड घालायला लागलं, तेव्हा मी लाटणं घेऊन धावले. मग यांनी त्याला शिकवलं की माणसं जेवत असताना दाराच्या चौकटीला टेकून बसायचं. जेवण झालं की पोळीचा शेवटचा चतकोर हातात धरून हे म्हणायचे, "घे गा." तेव्हा ते उठायचं, चतकोर घ्यायचं आणि मग आपल्या वाडग्याकडे जायचं. यांची पाळी बदलली की त्याचीही जेवायची वेळ बदलायची. हे रिटायर झाले, आम्ही हुडकेश्वरला घर बांधून आलो, तरी नवीन घरात त्यानं सगळ्यात आधी कुठली जागा धरली असेल, तर पुढच्या खोलीची चौकट.

मग तो म्हातारा झाला. तोंडाभोवतीचे केस पांढरे पडले, मागचे पाय आखडले, आणि दात किडून तोंडाला असा वास यायला लागला की डॉक्टरांनी उरलेले बहुतेक दात काढूनच टाकले. काही दिवस पिचकारीनं पेज, काही दिवस सलाईन, असं चाललं. जखमा भरल्या. तरी तो खाईना. पाणी प्यायचा, आमच्याकडे पाहायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

डॉक्टर तरुण होते, पण बोलायचे सबुरीनं. "हिरड्या चांगल्या भरल्यात. रक्ताचे रिपोर्ट वयाच्या मानानं बरे आहेत. पोटात दोष नाही. आता त्यानं आपण होऊन खाल्लं पाहिजे. सलाईनवर किती ढकलणार? त्याला आवडेल असं काही करून बघा. सोमवारपर्यंत वाट पाहू. नाहीच खाल्लं, तर मग बसून बोलू."

बसून बोलू म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं. परत येताना ऑटो केला. त्याचं डोकं यांच्या मांडीवर होतं आणि प्रत्येक खड्ड्याला यांचा हात त्याच्या जबड्याखाली जायचा.

आमची मुलगी मिहानमध्ये एका कंपनीत नोकरी करते, तिकडेच राहते. तिनं फोनवर पाककृतींचा ढीग पाठवला. सगळ्यांवर लिहिलेलं होतं, सीनियर डॉगसाठी. कुत्रा म्हातारा झाला की सीनियर, आणि मी भाजी घ्यायला गेले की भाजीवाला म्हणतो, सरका आजी. असो. मुलगी म्हणाली, "आई, मऊ बिस्किटं कर. घरची. मीठ नको, साखर नको, कांदा-लसूण तर अजिबात नको, मनुका तर त्याले विषच." लसणाशिवाय माझा हात चालत नाही. पण जीव त्याचा होता, जीभही त्याचीच होती.

घरी ओव्हन नाही. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला वाळू घातली, वर ताटली ठेवली. पहिला घाणा खालून कोळसा आणि वरून कच्चा. हे डोकावून म्हणाले, "एवढा कोळसा तर कोराडीत बी नव्हता वं." त्या दिवसांतला यांचा तेवढाच एक विनोद, म्हणून मी रागावले नाही. दुसरा घाणा बरा उतरला. मीठ न घातलेल्या कोंबडीच्या पाण्यात एक बिस्किट भिजवून मी त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं वास घेतला. नाकपुड्या हलल्या. जिभेचं टोकसुद्धा बाहेर आलं. मग त्यानं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली टाकली.

मला वाटलं, कुकरचा धुरकट वास लागला असेल. म्हणून भट्टी.

या सगळ्यात घरात आणखी एक जण धड जेवत नव्हता, आणि त्याचे दात शाबूत होते. पुढच्या खोलीत ताट मांडायचं यांनी बंदच केलं होतं. स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचे, ओट्याजवळ उभ्यानंच दोन घास पोटात ढकलायचे, पाणी प्यायचे आणि तोंड पुसून बाहेर यायचे. मी ओरडले, "बीपीची गोळी उपाशीपोटी घेता, तुम्ही पडले तर मी कोनाकोनाले सांभाळू?" हे हळू आवाजात म्हणाले, "त्याले चावता येऊन नाही राहिलं. अन् मी त्याच्यासमोर ताट घेऊन बसू काय?" मीसुद्धा मग आतच खायला लागले. पुढच्या खोलीत त्याच्यासाठी वाडगा, आणि आत दार लावून आम्ही, चोरासारखे.

भट्टीवाल्यानं माझी बिस्किटं भाजली, पण त्याच्या मनाला ते पटलं नाही. डबा देताना म्हणाला, "काकू, माह्या हातची म्हणून कोनाले सांगू नका." बिस्किटं मात्र सुरेख झाली होती. बोटानं दाबली की दबत होती, रंग तांबूस आणि कोहळ्याचा गोडसर वास. येताना गरम डबा पदरात धरला होता आणि मला फार आशा वाटत होती. देवाधर्माचं मी फारसं करत नाही, पण त्या दिवशी डब्यालाच म्हटलं, एवढं कर.

दुपारची वेळ होती, रविवार. बिस्किट कुस्करलं, कोमट पाण्यात कालवलं, वाडगा ठेवला. हे त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यानं वास घेतला. लाळ गळली, खरोखर गळली, मी पाहिली. आणि पुन्हा तेच. दाराकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, मान खाली.

माझा धीर सुटला. मी भांडं आपटलं. "साखर नाही, मीठ नाही, गाईच्या पेंडीसारखं झालं असंल. त्याची काय चूक? तुम्हीच खाऊन पाहा, कोन खाईल हे." राग कोणावर होता ते मलाही माहीत नव्हतं. मी आत गेले आणि निदान हातांना काम म्हणून चहा टाकला.

चहा घेऊन बाहेर आले, तर हे उठून आपल्या नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून बसले होते. डबा मांडीवर. कप दिला. यांनी एक बिस्किट काढलं, उलटसुलट पाहिलं आणि चहात बुडवून खाल्लं. मी म्हटलं म्हणून खाल्लं असेल, किंवा सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून. चावत चावत म्हणाले, "वाईट नाही वं. अळणी आहे, पण वाईट नाही." दुसरं काढलं.

तेव्हा नखांचा आवाज आला. किती दिवसांनी आला तो. मागचे पाय फरशीवर घसरत होते, एकदा तर तो बसलाच, पण पुन्हा उठला. खोली ओलांडून चौकटीपाशी गेला, तिला पाठ टेकवून बसला. आमच्याकडे तोंड करून, कान वर, डोळे यांच्या हातावर.

यांचं लक्ष नव्हतं. यांनी दुसऱ्या बिस्किटाचा उरलेला तुकडा तोंडाकडे नेला.

"थांबा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "शेवटचा घास ठेवा. ठेवा म्हणते ना. त्याले हाक द्या."

यांनी वळून चौकटीकडे पाहिलं आणि यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. हा माणूस आयुष्यभर बॉयलरच्या आवाजात ओरडून बोललेला. आता हात पुढे करून अगदी हळू म्हणाले, "घे गा."

तो उठला. आला. बिनदातांच्या हिरड्यांनी तो चहात भिजलेला तुकडा त्यानं यांच्या हातावरून उचलला, चघळला, गिळला. हात चाटून काढला. मग सरळ आपल्या वाडग्याकडे गेला आणि तळ दिसेपर्यंत खात राहिला. मी चहाचा कप तसाच हातात धरून रडले. यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं, त्यामुळे यांचं काय झालं ते मी सांगू शकत नाही.

तो रुसला नव्हता, आणि बिस्किटंही वाईट नव्हती. सारं आयुष्य तो एकच नियम पाळत आला होता की धनी जेवल्याशिवाय आपण तोंड लावायचं नाही. आणि धनी तर कित्येक दिवस त्याच्यासमोर जेवलाच नव्हता. हा त्याच्यासाठी दाराआड उपाशी, आणि तो याच्यासाठी दाराबाहेर उपाशी. दोघांनाही एकमेकांची लाज. आणि मी मधल्यामधे पीठ मळून राहिले होते.

त्या दुपारी मी सरळ स्वयंपाकाला लागले. भरली वांगी केली, पोळ्या लाटल्या आणि पुढच्या खोलीत, चौकटीच्या समोर, ताट मांडलं. "पोटभर जेवा," मी यांना दम दिला. "तुम्ही अर्धपोटी उठले तर तो बी अर्धपोटी उठंल." हे जेवले. वांग्यात लसूण होता, म्हणून शेवटचा घास मात्र बिस्किटाचा. भट्टीवरचा तो डबा दिवाळीच्या आधीच संपला. मग नानकटाईच्या गर्दीत मी पुन्हा रांगेत उभी राहिले. भट्टीवाल्यानं विचारलं, "म्हाताऱ्यानं खाल्लं काय?" मी म्हटलं, "दोघांनीही." तो बुचकळ्यात पडला, पण माझा गोळा त्यानं सगळ्यांच्या आधी घेतला.

सोमवारी सकाळीच डॉक्टरांचा फोन आला होता. त्यांचा आवाज जरा जपूनच होता, बसून बोलायची तयारी केलेल्या माणसाचा. यांनी सांगितलं की खाल्लं, काल दोनदा, आज सकाळी एकदा, वाडगा चाटूनपुसून. डॉक्टरांना इतकं बरं वाटलं की ते फोनवरच हसले. म्हणाले, "अरे वा! काय औषध दिलं त्याला?"

यांनी चौकटीकडे पाहिलं. तिथे तो पुढच्या पायांवर डोकं ठेवून झोपला होता, पोट गच्च.

"काही नाही डॉक्टर," हे म्हणाले. "मी जेवलो."