नवऱ्याच्या नावाचा रकाना

सौंसरच्या संत्रा बागाईतदारांच्या संस्थेत अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला वच्छला बसली. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई मशीनवर कशाला, असं लोक बोलायचे. ती ऐकून घेणारी नव्हती.

बागेत संत्री तोडणाऱ्या बायांची यादी फ्लॉपीवरून चढवताना निम्म्या नावांवर मशीन अडलं. नवऱ्याच्या नावाचा रकाना भरल्याशिवाय ते नोंदच घेत नव्हतं. आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून बायांनी ते सांगितलंच नव्हतं.

"अडली तेवढी नावं काढून टाक," मॅनेजर पुंडलिकराव म्हणाले.

"बाया खऱ्या आहेत साहेब. हा रकाना सक्तीचा कोनं केला?"

"मीच करायले लावला. नाहीतर बाई कोणाची, हे कसं कळन?"

वच्छलानं प्रोग्राममधली ती अट काढून टाकली आणि यादी पुन्हा चढवली. एकही नाव अडलं नाही. मग पुंडलिकरावांच्या देखत तिनं शेवटी स्वतःचं नाव टाकलं, नवऱ्याचा रकाना कोरा सोडला आणि बटण दाबलं. नोंद झाली.

"पाहा. मी कोणाची, हे मशीनले नाही लागत," ती म्हणाली. "तुमालेच काऊन लागते?"