तहान माझी, शिक्षा देवूची

दिग्गीतून निघालो तेव्हा माझ्या खांद्यावर काही नव्हतं. एक घोंगडी आणि कपड्यांचं गाठोडं, तेही देवूनेच घेतलं होतं. त्याच्या खांद्यावर कावड, आणि कावडीला पाण्याने भरलेले सहा वाळके भोपळे. देवू माझा धाकटा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दिग्गी ते कॅसलरॉक स्टेशन हा सगळा रानातला रस्ता. त्या वाटेवर मी सहाच्या सहा भोपळे रिकामे केले, दोन ओहोळांत तोंड घातलं, आणि दर थोड्या वेळाने आडोशाला जाऊन आलो. देवू निघताना घरी एक तांब्या पाणी प्यायला होता. स्टेशन येईपर्यंत त्याला ते पुरलं.

तुम्ही म्हणाल, भावाने पाणी वाहून आणलं, त्याबद्दल याला काय वाटलं? खरं सांगतो, जळफळाट झाला. त्याच्या कोरड्या ओठांकडे मी वाटभर बघत होतो. ओठ कोरडे आहेत आणि याला त्याचं काही नाही! गाडी आली तेव्हा त्याने फलाटावरच्या नळावर भोपळे भरून माझ्या पायाशी ठेवले आणि म्हणाला, "अण्णा, बेळगावात पाण्याची ददात न्हाई म्हणत्यात. पोटभर पी." मी मान हलवली. गाडी सुटल्यावर तो दिसेनासा होईपर्यंत बघायला हवं होतं. मी पहिल्या भोपळ्याचं बूच काढत होतो.

हे लिहितोय ते दिग्गीत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे बेळगाव-हुबळीकडे पोटामागे गेलेल्यांसाठीही. तुमच्यातल्या पुष्कळांना माझी गोष्ट ठाऊक आहे असं तुम्हाला वाटतं. देवूने झाडाखाली पान ठेवलं नाही, देवचार कोपला, गोपाळ, म्हणजे मी, पडला आणि त्याला तहान लागली ती लागलीच, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे आणि मी ती पंधरा वर्षं तशीच राहू दिली.

राबाची रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. पेरणीआधी रोपाच्या वाफ्यावर फांद्या-पाला जाळायचा असतो. त्यासाठी माघ-फाल्गुनात झाडांच्या फांद्या उतरवायच्या. आमच्याकडे दोघांची जोडी असते. एकजण बुंध्याशी विड्याचं पान आणि सुपारी ठेवतो, करवंटीभर पाणी सोडतो, आणि रानाच्या राखणदाराला, म्हणजे देवचाराला, गाऱ्हाणं घालतो. ते संपल्याशिवाय दुसऱ्याने बुंध्याला पाय लावायचा नाही. मी थोरला म्हणून पान ठेवायचो. देवू चढायचा.

आणि काय चढायचा! ऐनाच्या उभ्या खोडावर हा पोरगा घरच्या शिडीवर चढल्यासारखा जायचा. खाली पाला गोळा करणाऱ्या बाया हातातलं काम टाकून वर बघायच्या. आमचा बा लवकर गेला होता. आये दोघांना सारखंच वाढायची, पण देवू झाडावर असला की तिचं लक्ष घासात नसायचं, आणि तो उतरला की ती त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. मी पान ठेवून, गाऱ्हाणं घालून, मोळ्या बांधून घरी यायचो. माझ्या पाठीवरून हात कशाला फिरवायचा? मी पडणार कुठून होतो?

त्या दिवशी मी म्हणालो, आज मी चढतो, तू पान ठेव. देवू लगेच "हुंदे" म्हणाला. त्याला कशाचंच काही वाटायचं नाही, याचाही मला राग होता. तो कमरेची चंची सोडून पान काढत होता, तेवढ्यात मी वर निघालो. तो खालून ओरडला, "अण्णा, थांब, पान ठेवायचं हाय!" मी ऐकलं, स्वच्छ ऐकलं. पण बाया बघायला लागल्या होत्या. देवू जिथपर्यंत जातो त्याच्याही वरच्या फांदीवर मी पाय दिला आणि ती फांदी मला घेऊन खाली आली.

डोक्यावर पडलो. दोन दिवस शुद्ध नव्हती. लोक धावत आले तेव्हा बुंध्याशी पान नव्हतं, ते देवूच्या हातातच होतं. बुधवंताने, म्हणजे देवकार्यात ज्याचा शब्द गावात शेवटचा त्याने, विचारलं, "पान ठेवलंस?" देवू म्हणाला, "न्हाई." पुढे एक शब्द नाही.

मी शुद्धीवर आलो तो पाणी मागतच. घागर संपली तरी घशाची कोरड जाईना. प्यायचं, बाहेर जायचं, परत प्यायचं. झोपेचं खोबरं झालं. महिन्याभरात हाडं दिसायला लागली आणि अंगणात चार पावलं चाललो तरी खाली बसावं लागायचं. वैद्य आला. त्याने माझी लघवी पानाच्या द्रोणात घालून मुंग्यांच्या वारुळाशी ठेवायला सांगितली. मुंगी फिरकली नाही. "मधुमेह न्हवं," तो म्हणाला, "हे माज्या हातचं न्हाई." मग राहिला देवचार. बुधवंताने कौल लावला आणि सांगितलं, देवूचा हात देवाला रुचला नाही. थोरल्याची तहान जाईपर्यंत देवूने पान ठेवायचं नाही आणि झाडावर चढायचं नाही. आणि माझं पाणी तीन दिवस तोडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी जीभ टाळूला चिकटली, डोळे फिरले. आयेने घागरच आणून तोंडाला लावली. "पी. देवचाराला काय सांगायचं ते मी सांगंन." त्या दिवसापासून ती माझ्यापाशी बसायला लागली. माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मला सगळं आठवत होतं. देवूने थांब म्हटलेलंही. एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. नाही बोललो. देवू कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचो.

पुढच्या राबाला देवू बायांबरोबर पाला गोळा करत होता. चैत्र-वैशाखात गावची झर आटत आली की माझं पाणी कोण आणणार हा प्रश्न पडायचा, कारण घरातली अर्धीअधिक घागर मीच संपवायचो. देवू दिवसातून चार खेपा दरीत उतरायचा. झाडावर चढणारा पोरगा तो, दरी उतरून चढून माझी तहान वाहत होता. शेवटी आमच्याकडे मीठ-मिरची घेऊन येणाऱ्या खानापूरच्या दुकानदाराने आयेला सांगितलं, याला बेळगावच्या इस्पितळात पाठवा. असा मी निघालो.

बेळगावात मला पाण्याचंच काम मिळालं, नशिबाची थट्टा. कॅम्पात सोडावॉटरचा कारखाना होता, तिथे गोटीच्या बाटल्या धुवायला लागलो. नळ हाताशी, संडास मागे, मॅनेजर समजूतदार. तिथल्या लोकांना मी "ए घागर" होतो. चेष्टा सोसली. सोसत नव्हतं ते वेगळंच. दुपारी गिऱ्हाईक येई, एक बाटली घेई, गोटी दाबे, अर्धी पिऊन उरलेली ठेवून जाई. अर्धी! ती उरलेली अर्धी धुवायला माझ्याच हाती यायची. मी गोऱ्या शिपायांचा हेवा केला नाही, शेठजींच्या बग्गीचा केला नाही. अर्धी बाटली ठेवून जाणाऱ्याचा केला.

इस्पितळात मी अधूनमधून महिना-महिना राहिलो. तिथल्या कंपाउंडरने मला अक्षरं शिकवली, म्हणून आज हे लिहू शकतो. पुढे एक नवा डॉक्टर आला. लघवी तपासली, साखर नाही म्हणाला, आणि एकदम विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का?" मी सांगितलं. तो म्हणाला, मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी गाठ असते, ती शरीरातलं पाणी धरून ठेवते, तुझी ती दुखावली आहे. एवढंच. देवचार नाही, पान नाही.

त्याने मुंबईहून औषधाच्या काचेच्या चार कुप्या मागवल्या. बैलाच्या त्याच गाठीचा अर्क होता तो. बैलाला हात जोडणाऱ्या आयेला हे मी कधी कळवलं नाही. सुई टोचली आणि तासाभराने मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. उशाशी तांब्या होता आणि तो नुसता तांब्या होता. मी दुपारभर झोपलो. जाग आली, तोंडात ओलावा होता, तो माझा स्वतःचा. आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की देवू रोज असाच असतो. जन्मल्यापासून, फुकट. संध्याकाळी औषध उतरलं, तहान परत आली आणि मी उशीत तोंड खुपसून रडलो.

कुप्या महाग, दूरदेशाहून येणाऱ्या. वर्षातून एखाद-दुसरी नशिबात येते. बाकी दिवस घागर आहेच.

आता माझ्या पापाचं बोलतो. डॉक्टरचं बोलणं ऐकल्यानंतरही मी गावी कळवलं नाही. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पण माझा हिशेब असा होता: आये देवूकडे, घर देवूकडे, शेत, बायको, झर, कोरड्या ओठांनी पाच कोस चालायची ताकद, सगळं देवूकडे. फक्त झाड तेवढं त्याच्याकडे नव्हतं. ते नव्हतं याचं मला बरं वाटायचं. बाटल्या धुता धुता मला ते आठवायचं आणि बरं वाटायचं.

यंदा उळवीची जत्रा आटोपून देवू इकडे आला. दरवर्षी तो अनवाणी उळवीला जातो, माझी तहान जाऊ दे म्हणून मागणं मागतो, आणि अंगारा कुणाबरोबर तरी पाठवतो. यंदा स्वतःच आला. माझ्या खोलीत उकिडवा बसला. केस पांढरे व्हायला लागलेत, टाचा फुटल्यात. त्याने अंगारा माझ्या कपाळाला लावला आणि विचारलं, "यंदा तहान जरा कमी हाय का, अण्णा?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला वाटलं हा टोमणा आहे. त्याच्या तोंडाकडे बघितलं, टोमणा नव्हता. मग मी सांगितलं. गाठीचं, डॉक्टरचं, आणि "थांब" म्हणालास ते मी ऐकलं होतं, हेही.

मी विचारलं, "तू तरी का नाही सांगितलंस त्या दिवशी?"

"तू मेल्यागत पडलावतास. तुज्यावर कसं ढकलू? म्हटलं, उठला की सांगंल." मग त्याने मला विचारलं, "मग मी झाडावर चढू?"

"आता?" मी मूर्खासारखा म्हणालो. चाळिशी जवळ आलेला माणूस.

"आता न्हाई तर कवा? खरं मला सांगून काय उपेग? मांडावर सांग. समद्यांम्होरं."

मांड म्हणजे गाव जमतं ती जागा. कॅसलरॉकपासून तिथवर चालणं आता एका दमात माझ्याच्याने होत नाही, म्हणून मी कागद घेतला आणि लिहिलं. देवूला वाचता येत नाही, तो म्हणाला, वाचून दाखव. "मी घाईत वर चढलो" असं मी लिहिलं होतं. त्याने हात वर केला.

"घाईत न्हवं. जळून चढलास. तसं लिव्ह."

मी खोडलं आणि तसं लिहिलं. त्याने कागद चंचीत घातला. जाताना मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो म्हणाला, "नगं, तहान न्हाई," आणि गेला.

महिन्याने खानापूरच्या त्या दुकानदाराच्या हातचं पोस्टकार्ड आलं. त्यानेच मांडावर माझा कागद वाचला. बुधवंत आता म्हातारा झालाय. त्याने दुसऱ्यांदा वाचायला लावलं, मग बसल्या जागेवरून देवूला हात जोडले. दुसऱ्या दिवशी देवूने आपल्या हाताने पान ठेवलं, पाणी सोडलं, गाऱ्हाणं घातलं आणि ऐनावर चढला. निम्म्यावर दम लागला, थांबला, परत चढला. आये झाडाखाली बसून होती. तिला आता धड दिसत नाही, शेजारच्या बायांना विचारत होती, कुठवर गेला? फांद्या पडायला लागल्या तेव्हा तिला आवाजावरून कळलं.

हे वाचून मला बरं वाटलं असं लिहायला आवडलं असतं. हेवाच वाटला. पंधरा वर्षांनी चढला तरी सगळं गाव वर बघत होतं.

कार्डाच्या शेवटी आयेचा निरोप होता. दुकानदाराने तिच्याच शब्दांत लिहिलाय: "गोप्याला सांगा, झरीला पाणी हाय. मी हाय तवर येऊन जा. पन देवूला इचारून ये."

तुम्ही बाकीचे, सुटी मिळाली की गाडीत बसता आणि गावी जाता. आपलं घर कुठलं असं कुणी विचारलं तर पटकन नाव सांगता. तुमचाही मला आता हेवा वाटायला लागलाय, त्या यादीत तेवढी भर. माझं घर आयेच्या हातात होतं तोवर मी त्याचा धनी होतो. आता ते देवूच्या एका शब्दात आहे, आणि तो शब्द त्याने द्यावा असं मी काही केलेलं नाही.

कार्ड येऊन आठ दिवस झाले. रोज विचारायचं म्हणतो आणि बाटल्या धुवायला जातो. आज हे सगळं लिहून काढलं ते त्यासाठीच. दुकानदाराला विनंती, हेही मांडावरच वाचा, सगळ्यांसमोर.

देवू, येऊ का?