धुराड्यामागचं पाणी

नव्वद सालानंतर कधीतरी आमच्या निमगावच्या घराची वाटणी झाली. धाकट्या भावाला दोन खोल्या, मला एक खोली आणि स्वयंपाकघर. मधोमध भिंत आली. माझं लग्न राहून गेलेलं. एकट्या माणसाला स्वयंपाकघर मिळालं आणि पाच माणसांचं रांधणारी भावजय पडवीत चूल मांडून बसली. तेव्हापासून भावानं बोलणं टाकलं.

पंचांनी दोरी धरून सगळं मोजलं, पण छपरावरच्या धुराड्याचा विचार कुणी केला नाही. ते होतं भिंतीला लागून, माझ्या बाजूला. पाऊस आला की उतारावरचं पाणी त्याच्या पाठीला अडायचं आणि फटीतनं थेट माझ्या चुलीत उतरायचं. म्हटलं, जन्मभर उसाला दारं धरली, वाफ्या-वाफ्यातनं पाणी फिरवलं, मग एवढंसं पाणी वळवता येत न्हाय व्हय? गेलो वर आणि धुराड्यामागं रानातल्यासारखा मातीचा बांध घातला. पहिल्याच सरीत सगळा चिखल तव्यातल्या भाकरीवर. हसू आलं. हसण्यात सामील व्हायला कुणी नाही, हे लगेच कळलं आणि भाकरीसकट तवा बाजूला सारला.

मग तेलाचा डबा कापून पत्रा काढला आणि धुराड्यामागं तिरका ठोकला. उतार मुद्दाम भावाच्या बाजूला दिला. पाणी त्याच्या दारात धो-धो पडू लागलं. खरं सांगतो, त्याची जिरवायची म्हणून नव्हे. तो चिडेल, "दादा, ह्ये काय लावलंय तुमी?" म्हणून भिंतीपलीकडनं ओरडेल, एवढीच आस होती. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. वर्षभर त्याचा आवाज मी फक्त म्हशीला हाकताना ऐकत होतो.

चार दिवस वाट पाहिली. पलीकडनं म्हशीला हाकणं तेवढं ऐकू आलं.

पाचव्या दिवशी बाजार करून आलो, तर धुराड्यामागं वेगळाच पत्रा. मधोमध दुमडलेला, छपराच्या वरच्या पत्र्याखाली नीट सरकवलेला, कडेनं डांबर. निम्मं पाणी त्याच्या दारात, निम्मं माझ्या दारात. असलं काम माझ्या हातून झालं नसतं. डांबर अजून ओलं होतं. भिंतीशी जाऊन मी हाक मारली, "चहा टाकतोय रं, ये की."

पलीकडं पोरांचं बोलणं थांबलं. मग दाराला आतनं कडी लागली.

त्या पावसाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात एक थेंब गळला नाही. त्याच्याशी भांडायलासुद्धा काही उरलं नाही.