लग्नाशिवाय म्हटलेला धवला

माझा भाऊ ठाण्याच्या शाळेत मास्तर होता. सुट्टीला होडीने खाडीपलीकडे कळव्याला जाई आणि मिठागरातल्या आगऱ्यांचं बोलणं लिहून आणी. "ऐकलं तसं लिहायचं, सुधारायचं नाही," हा त्याचा नियम. तोवर आमच्याकडे असं कोणी केलं नव्हतं. लोक हसत, "मास्तर, त्या बोलीला कसलं आलंय व्याकरण?" घरात आम्ही दोघंच. त्याची बायको बाळंतपणात गेलेली, मी बाराव्या वर्षी विधवा होऊन परतलेली. तो लिहून आणी, मी दुपारी नक्कल करी. त्यापलीकडे आमचं फारसं बोलणं नसे.

पुस्तक होत आलं, पण लग्नातली गाणी, धवले, राहिले होते. ते म्हणणारी म्हातारी खोकल्याने खंगली होती आणि तिच्यामागे ते येणारं कोणी नव्हतं. मांडवात वाजंत्र्यांपुढे भावाला काही ऐकू येईना. म्हणून तिला आम्ही घरी बोलावलं. तिथेच चुकलं.

गूळपाणी पिऊन ती म्हणाली, "लगीन नाय तं धवला नाय. उगाच म्हनला तं त्या घरान लगीन व्हत नाय."

भावाने लेखणी खाली ठेवली. मी आतून म्हटलं, "आजी, इथे लग्न व्हायचंय कोणाचं? हा पुन्हा करत नाही, माझं होऊन चुकलंय. खुशाल म्हणा."

"तोंडाची फटकल हाय गो तू," म्हातारी हसली. "मंग बस पाटावर. नवरीबिगर कोनाला सांगू?"

"ताई, राहू दे," भाऊ म्हणाला.

"तू लिही."

मी विधवेचं लाल आलवण सावरून पाटावर बसले. "नाव काय?" तिने विचारलं. धवल्यात नवरीचं नाव घालतात. मी सांगितलं. आई गेल्यापासून ते कोणी घेतलं नव्हतं. भावाची मी ताई, शेजाऱ्यांना मास्तरांची बहीण. म्हातारीने खोकत खोकत ते ओळीओळीला घेतलं.

दुसऱ्या दुपारी नक्कल करायला बसले. भावाने सगळं इमानाने टिपलं होतं. पण विधवेचं नाव लग्नाच्या गाण्यात छापलं, तर लोकांनी त्याला आणि पुस्तकाला गावात राहू दिलं नसतं. मी जिथे जिथे माझं नाव आलं तिथे 'अमकी' लिहिलं.

भावाने नक्कल तपासली आणि तशीच छापायला दिली. साऱ्या पुस्तकात ऐकलं तसं न लिहिलेलं तेवढंच आहे.